अर्ध्या मिलिमीटरचा अपराध

दुपारी तीनच्या सुमारास ती डोळे मिटून एका शिवणयंत्राची कुरकुर ऐकत बसली होती. यंत्रांचेही माणसांसारखेच असते. दुखणे एकीकडे असते आणि कण्हणे भलतीकडून ऐकू येते. चाक सावकाश फिरवीत, कान यंत्राच्या कुशीला लावून ती त्या दुखण्याच्या मुळाशी जवळजवळ पोचली होती... आणि नेमक्या त्या क्षणी दुकानाच्या पायरीवर टकटक सुरू झाली. टक — टकटक — टक. थांबली. पुन्हा सुरू झाली.

"अहो!" ती आतूनच म्हणाली. "पायरी आमची आहे. वाजवायची हौस असेल तर स्वतःची वाजवा."

दारात एक तरुण उभा राहिला. सडपातळ, थोडासा विस्कटलेला. हातात पितळी डोक्याचा एक लांब स्क्रू. चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्याचा भाव होता, आणि त्यामागे हसूही होते.

"माफ करा. शेजारचं वाद्यांचं दुकान उघडेल म्हणून सव्वा तास बसलोय. हाताला सवय आहे हो... कळतच नाही."

"ते दुकान गेल्या वर्षापासून बंद आहे."

"पण पाटीवर तर लिहिलंय, लवकरच येतो!"

"तेच लिहून ते मुलाकडे राहायला गेले. अजून येतातच आहेत."

तो हसला. सव्वा तास फुकट गेल्यावर एवढे मोकळे हसणारा माणूस तिने यापूर्वी पाहिला नव्हता. तिने हात पुढे केला, तसा त्याने तो स्क्रू अलगद तिच्या तळहातावर ठेवला. तिने तो खिडकीच्या उजेडात धरला आणि नखाने त्याचे आटे चाचपले. लेथवर काम करून तिच्या नखाला जे कळे, ते पुष्कळांना भिंगातूनही दिसत नसे.

"हा कशाचा?"

"स्नेअर ड्रमचा. कवायतीत मुलं गळ्यात अडकवतात ना, तसला. वर ताणलेल्या कातड्याचं एक पान, खाली एक पान. खालच्या पानाला तारा टेकलेल्या असतात, म्हणून तो ढम्म न वाजता कडकड वाजतो. पानं ताणायला असे आठ स्क्रू लागतात, त्यातले काही गेलेत. अकरा दुकानं झाली. आटे कुठेच जुळत नाहीत. एकाने तर सांगितलं, ड्रमच बदला."

"अशी माणसं उद्या चपलेची टाच झिजली म्हणून पायच बदलायला सांगतील," ती म्हणाली आणि मागच्या खणातून हत्यारांची एक तेलकट पेटी घेऊन आली. तिच्या वडिलांनी जमवलेली ती पेटी होती. कारखाने बुडाले, तरी त्यांच्या यंत्रांचे तिरपागडे आटे त्या पेटीत जिवंत राहिले होते. तिने एकामागून एक मापे लावून पाहिली. सहावे माप स्क्रूच्या आट्यांत असे बसले, की दोघांच्याही तोंडून एकाच वेळी सुस्कारा निघाला.

"होईल. किती हवेत?"

तो क्षणभर थबकला. "आधी... एक करा. बसतो का बघू."

स्क्रू बसला. चार दिवसांनी तो दुसरा सांगायला आला. पुन्हा चार दिवसांनी तिसरा. तेव्हा मात्र तिने लेथ थांबवला, डोळ्यांवरचा चष्मा कपाळावर चढवला आणि विचारले, "तीन गेले होते, हे पहिल्याच दिवशी ठाऊक होतं ना?"

"होतं."

"मग एकदम का नाही सांगितलंत?"

"एकदम सांगितलं असतं, तर..." तो टेबलावर बोटांनी हलकेच ताल धरीत म्हणाला, "एकदाच यावं लागलं असतं."

तिने लेथ पुन्हा सुरू केला. पितळेची सोनेरी वेटोळी भराभर निघू लागली. ती नेहमीपेक्षा थोडी जाड निघाली, हे मागच्या बाकावर बसलेल्या तिच्या वडिलांच्या नजरेतून सुटले नाही.

त्या तरुणाला वडिलांनी दुसऱ्याच भेटीत 'टिपरू' हे नाव बहाल केले होते, कारण त्याची बोटे ढोलावर पडणाऱ्या टिपरूसारखी सतत कशावर तरी पडत असत. आणि स्वतःच्या मुलीला तर सारे घर 'ओळंबा' म्हणूनच हाक मारी. गवंड्याच्या ओळंब्याची दोरी जशी वाऱ्याला भीत नाही आणि भिंतीची भीड ठेवीत नाही, तशी ती होती. वाकडे दिसले की वाकडे म्हणायचे, आणि हाताशी असेल तर सरळ करून टाकायचे.

ड्रम टिपरूचा नव्हता. तो शाळेत संगीत शिकवत असे, आणि ज्या बाईंनी त्याला त्याच शाळेत शिकवले, त्यांचा तो ड्रम होता. तीस वर्षे बाईंनी त्या ड्रमच्या तालावर मुलांना पाऊल टाकायला शिकवले. निवृत्तीनंतर ड्रम माळ्यावर गेला आणि गंजला. दोन महिन्यांपूर्वी बाईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. ती उत्तम झाली. परंतु बाई खुर्चीतून उठेनात.

"व्यायाम शिकवणाऱ्या ताई रोज येतात आणि हात टेकून जातात," टिपरूने सांगितले. "बाई पडायला घाबरतात. पण कबूल करतील तर त्या बाई कसल्या! मी फार मागे लागलो, तेव्हा म्हणाल्या, माझा ड्रम वाजला तर उठेन. त्यांना ठाऊक होतं ना, तो वाजण्यातला नाही. मला वाटेला लावायला म्हणाल्या."

"आणि तुम्ही खरंच वाटेला लागलात."

"डॉक्टर म्हणतात, महिनाअखेरपर्यंत चालल्या नाहीत तर गुडघा कायमचा आखडेल. बारा दिवस उरलेत." त्याची बोटे प्रथमच निश्चल झाली. "ड्रम देताना एकच म्हणाल्या, दुरुस्त कर, पण आवाजाला हात लावू नकोस."

त्या दिवसापासून ते काम केवळ गिऱ्हाइकाचे राहिले नाही.

तारा ताणणारा खटका बसवायला त्याने ड्रमचा रिकामा लाकडी घेर तिच्याकडे ठेवला. खटका तासाभरात बसला. मग तिने सहज, सवयीने, तो घेर सपाट लोखंडी पाटावर पालथा ठेवून पाहिला. वरचा काठ पाटाला चिकटून बसला. खालचा मात्र बसेना. समोरासमोर दोन ठिकाणी काठ किंचित खाली गेला होता. तिने माप घेतले. अर्धा मिलिमीटर.

'झीज,' ती मनाशी म्हणाली. 'तीस वर्षांची झीज. बिचाऱ्याला दिसलीही नसेल.'

प्रेमात पडलेल्या माणसाला काहीतरी अर्पण करावेसे वाटते. कोणी फुले देतो. तिच्या जगात सपाटपणाहून सुंदर वस्तू नव्हती. सुटीचा सारा दिवस पाटावर पॉलिश पेपर अंथरून ती तो काठ घासत राहिली. संध्याकाळी काठाखालून उजेडाची एक रेघसुद्धा पलीकडे जाईना. त्याला काही सांगायचे नाही, असे तिने ठरवले. तो पाहील... आणि ओळखील.

त्याने पाहिले नाही. त्याला ड्रम वाजवता येई, त्याची हाडे त्याने कधी निरखली नव्हती. उत्साहाने त्याने पाने चढवली, आठही स्क्रू आवळले, तारा ओढल्या, आणि टिपऱ्या उचलून तिच्याकडे पाहत म्हणाला, "पहिला मान तुमचा. डोळे मिटा."

तिने डोळे मिटले.

पत्र्याच्या डब्यात खिळे खुळखुळावेत, तसा आवाज आला. त्याने खटका सैल केला, पुन्हा आवळला. आता आवाज घुसमटला. पुन्हा सैल केला. तारा नुसत्याच फडफडत राहिल्या.

"तारा वाईट असतील," तो बऱ्याच वेळाने म्हणाला. "नव्या आणूया."

नव्या तारांच्या शोधात दोघे गावाबाहेरच्या भंगारवाल्याकडे गेली. वाटेत त्याने विनोद करण्याचे दोन प्रयत्न केले आणि ते दोन्ही अर्ध्यातच सोडून दिले. भंगाराच्या ढिगात सायकलींच्या चाकांखाली त्याला तसाच एक जुना ड्रम सापडला. पाने फाटलेली, परंतु तारा शाबूत. तो हर्षाने तारा सोडवू लागला, आणि तिने उगाच त्या ड्रमच्या उघड्या काठावरून बोट फिरवले.

बोट एका ठिकाणी हलकेच खाली गेले.

तिने श्वास रोखून बोट पुढे नेले. बरोबर समोर... पुन्हा खाली गेले. दोन्ही खळगे तारांच्या वाटेवर होते. तारा जिथून काठ ओलांडतात, तिथेच काठ मुद्दाम उतरता ठेवला होता, म्हणजे त्या पानाला अंगभर टेकतील. दोन ड्रम, दोन मालक, आणि झीज मात्र अगदी एकाच जागी? झीज इतकी शहाणी नसते. ती झीज नव्हतीच. ती कारागिराने घडवलेली जागा होती, आणि तिने ती दिवसभर घासून नाहीशी केली होती.

"मिळाल्या!" तो तारांची पट्टी उंचावून ओरडला. "आता बघा कसा बोलतो!"

ज्या मुलीने आयुष्यात कोणालाही भिंत वाकडी आहे असे सांगायला क्षणभराचाही वेळ घेतला नव्हता, ती मुलगी परतीच्या वाटेवर एक अक्षर बोलली नाही. त्या संध्याकाळी नव्या तारा चढल्या, आणि ड्रम पूर्वीसारखाच खुळखुळला. त्याने टिपऱ्या खाली ठेवल्या.

"माझ्याच हातात काहीतरी बिघडलंय," तो म्हणाला. "बाईंना उगाच आशा लावली." आणि तारांसोबत भंगारातून आणलेला फाटका ड्रम तिच्या दुकानात तसाच टाकून, बाईंचा ड्रम बगलेत मारून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वडिलांनी चहाचा कप तिच्यासमोर ठेवला. "ओळंबा आज हलतोय. काय झालं?"

तिने सारे सांगितले. वडिलांनी शांतपणे चष्मा पुसला. "म्हणजे आधी चूक केलीस आणि मग लपवलीस."

"हो."

"पहिली गोष्ट माझ्याकडून शिकलीस, हे कबूल. दुसरी कुठून आणलीस?"

तिने चहा तसाच सोडला.

सकाळची शाळा नुकतीच सुटली होती. संगीताच्या वर्गात मुलांच्या चपलांची धूळ अजून उन्हात तरंगत होती, आणि तो खिडकीशी पाठमोरा उभा होता. तिने दारातच सांगायला सुरुवात केली, कारण आत गेल्यावर धीर टिकला नसता.

"तुमच्या हातात काही बिघडलेलं नाही. खालचा काठ मी घासला. सपाट केला. तो सपाट नसायला हवा होता... तारांसाठी तिथे जागा ठेवलेली असते. मला ठाऊक नव्हतं. काल भंगारात कळलं, आणि तरी मी गप्प बसले. आवाजाला हात लावू नका असं बाईंनी सांगितलं होतं. मी लावला."

तो वळला. मग बाकावर मटकन बसला आणि तोंडावर हात घेऊन हसू लागला — इतका, की त्याच्या डोळ्यांत पाणी आले.

"हसताय काय? ओरडा की!"

"अहो, ओरडू कशाला! रात्रभर मी काय काय ठरवून बसलो होतो. माझे कान गेले. उद्या नोकरी जाणार. म्हातारपणी लोक म्हणणार, हा बघा तो बहिरा मास्तर..." त्याने डोळे पुसले. "आणि निघाला काय? अर्धा मिलिमीटर!"

"अर्धा मिलिमीटर म्हणजे काही थोडा नव्हे," ती दुखावल्या स्वरात म्हणाली.

"नाहीच थोडा. पण घासलात कशाला?"

ती खाली पाहू लागली. एरवी सरळ असणारे तिचे उत्तर आज वळणे घेत आले. "तुम्हाला... आवडेल म्हणून."

मग तो हलकेच म्हणाला, "मला ना, फुलं चालतात. लाकूड घासायलाच हवं असं नाही."

कालपासून पहिल्यांदाच ती हसली.

काम मात्र अजून उरले होते, आणि हातात दिवस उरले होते तीन. बाईंचा ड्रम पुन्हा दुकानात आला. भंगारातल्या ड्रमचे खळगे तिने मोजले. लांबी, खोली, उतार. ती मापे पेन्सिलीने बाईंच्या ड्रमवर उतरवली. मग बारीक कानस हातात घेतली... आणि तिचा हात थांबला. लोखंड चुकले तर दुसरे घेता येते. हे लाकूड एकच होते, आणि एकदा तिने ते दुखावले होते.

"तुम्ही करा," ती म्हणाली.

"मी? मला पेन्सिलीला टोक काढता येत नाही."

"माझा हात कापतोय."

"मग त्याचा ताल धरा." त्याने घेर दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि अगदी हळू आवाजात मोजू लागला. "एक... दोन... तीन... आणि थांब. एक... दोन... तीन... आणि थांब."

कानशीच्या दर तीन फेऱ्यांनंतर ती थांबे, माप लावी, फुंकर मारी. लाकडाची पिवळसर पूड त्याच्या मनगटावर साचत होती, आणि त्याने ती झटकली नाही. त्यांची डोकी इतकी जवळ आली होती, की फुंकर कोणाची हे सांगणे कठीण झाले असते. मागच्या बाकावर वडील पूर्वी कधी नव्हते इतके कामात गढून गेले होते.

तारा चढल्या. या वेळी तिने डोळे मिटले नाहीत. त्याने एकच ठोका दिला, आणि कोरडा, स्वच्छ, टणक असा आवाज दुकानभर उमटून लगेच विरला. शिवणयंत्रांच्या सुयासुद्धा किंचित थरथरल्या. तिने पाठ भिंतीला टेकली.

"पण हा बाईंचा आवाज आहे का?" तिने विचारले.

"ते बाईच सांगतील."

बाई खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या. ताठ, पांढऱ्याशुभ्र केसांच्या, मांडीवर शाल. चालण्याची काठी हाताला लागणार नाही इतकी दूर भिंतीशी टेकवलेली होती, आणि ती बाईंनीच तिथे ठेवायला लावली असणार, हे उघड होते.

"ही कोण?" बाईंनी विचारले.

"स्क्रू करणारी," टिपरू म्हणाला.

"नुसती स्क्रू करणारी असती, तर तू नवा शर्ट घातला नसतास. वाजव."

त्याने ड्रम टेबलावर ठेवून तालाची एक लहानशी लड वाजवली. बाईंनी भुवया आकसल्या. "काठाला कोणी हात लावला?"

त्याने तोंड उघडण्यापूर्वीच ती पुढे झाली. "मी, बाई. आधी बिघडवला, मग माझ्या परीने पुन्हा केला. तुमचा आवाज आला नसेल तर दोष माझा."

बाईंनी तिला नखशिखान्त पाहिले. "आवाज थोडा बदललाय," त्या म्हणाल्या. ती चरकली. "पूर्वी खालच्या अंगाला जरा घोगरा होता. मी तीस वर्षं सांभाळून घेतला. आता नाही. वाईट केलं नाहीस, मुली."

"म्हणजे आता तुम्ही उठणार," टिपरू उतावीळपणे म्हणाला.

"वाजला तर उठेन म्हटलं होतं. हे वाजणं झालं का? चाचणी झाली. कवायतीचा ताल वाजव. पूर्ण."

तो उभा राहिला. खांदे सरळ केले. ताल सुरू झाला. पहिला फेरा नेटका झाला. दुसरा फेरा चालू असताना खिडकीतून उन्हाचा एक पट्टा आला आणि तिच्या गालावर, कानाशी राहिलेल्या लाकडाच्या एका इवल्या कणावर पडला. त्याची नजर तिकडे गेली... आणि तिसरा ठोका चुकला.

"अरे!" बाई कडाडल्या.

तो सावरू गेला आणि पुढचाही चुकला.

"अरे, अरे, अरे! तिसऱ्यावर जोर, चौथा हलका! सात वर्षं काय शिकवलं मी तुला? आण इकडे —"

आणि बाई उठल्या. शाल पायांशी गळून पडली. एक, दोन, तीन, चार... संतापाने तरातरा चार पावले टाकून त्या ड्रमपाशी आल्या, त्याच्या हातून टिपऱ्या हिसकावून घेतल्या आणि पहिला ठोका द्यायला हात उचलला. मग त्यांनी मागे वळून रिकाम्या खुर्चीकडे पाहिले.



"लबाडा," बाई सावकाश म्हणाल्या. त्यांचा आवाज ओला झाला होता. "मुद्दाम चुकलास."

"नाही, बाई," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "शपथ. खरंच चुकलो."

"का?"

त्याने कुठे पाहिले, ते बाईंनी पाहिले. मग त्यांनी तिच्याकडे पाहिले. ती आपल्या गालावरचा तो कण शोधण्यात अकारण मग्न झाली होती.

"अस्सं," बाई म्हणाल्या. डाव्या हाताने त्यांनी टेबलाची कड धरली, उजव्या हातात एक टिपरी घेतली. "चला. दोघंही उभे राहा शेजारी. पाय जुळतात का बघते. डावा आधी. मी थांब म्हणेपर्यंत थांबायचं नाही."

एका टिपरीने ताल सुरू झाला. एका हाताचाच, पण काय तो ताल! दोघे खोली ओलांडून दारापर्यंत गेली. बाई थांब म्हणाल्या नाहीत. ती दोघे ओसरीवर आली, पायऱ्या उतरली, फाटक उघडून रस्त्याला लागली. मागून खणखणीत ठोके येतच होते, आणि पहिल्यांदाच त्यांत बाईंचे हसू मिसळलेले ऐकू येत होते.

"तुमचा पाय चुकतोय," ती समोर पाहत म्हणाली.

"मला काहीतरी सांगायचंय, म्हणून."

"मग सांगा. तीन स्क्रू सांगितलेत तसं एकेक करत बसू नका."

"माझं तुमच्यावर प्रेम आहे," तो म्हणाला. पाय पुन्हा चुकला.

तिने त्याचा हात हातात घेतला. "डावा," ती म्हणाली, "आता उजवा... माझंही आहे. डावा..."

कोपऱ्यापर्यंत ठोके ऐकू येत होते. कोपरा वळल्यावर ते ऐकू येईनासे झाले. आणि थांब म्हणायला आता कोणीच उरले नव्हते.